लॉक आणि त्याचं दावं

मला ते सॉफ्टवेअर माझ्या नावावर हवं होतं. नुसतं चालणारं तर आमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही होतं. मराठी टायपिंग आणि पानं लावायचं ते सॉफ्टवेअर कुणीतरी पेन ड्राइव्हमधून आणून तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवलं होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम मी त्यावरच केलं. महिनाभर तास संपले की लॅबमध्ये बसायचे. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी फाइल उघडली आणि पाहते तर सगळी जोडाक्षरं फुटलेली. ‘प्रार्थना’च्या जागी दोन चौकोन, एक काना आणि पुन्हा एक चौकोन. एका मुलीला मी तिचीच कविता दाखवली, तर ती म्हणाली, “हे कोणाचं हाय?”

मराठीचे सर मला रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “फुकटचं आहे. तक्रार तरी कोणाजवळ करणार?”

पुढच्या वर्षी त्यांनी अंक पुन्हा माझ्याकडेच दिला. मी हो म्हणताना मनाशी ठरवलं, की या वेळी जे काही वापरीन ते असं असेल, की बिघडलं तर मला कुणाला तरी फोन करता येईल. शिवाय मला हे काम पुढेही करायचं होतं. आमच्या करडी गावात लग्नपत्रिका करून देणारं कुणी नव्हतं. घरी बसून तेवढं जमलं, तर शिकणं सुटणार नाही, असा माझा हिशेब होता. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे शिकणं सुटू नये म्हणून काय करायचं असतं, हे विचारायलाही कुणी नव्हतं.

आंधळगावला एका काकांचं कंपोजिंगचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांतल्या लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं, तेरवीची कार्डं, सगळं त्यांच्याकडे व्हायचं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना स्क्रीनकडे फार वेळ पाहवेना, म्हणून ते दुकान बंद करून काकूंसह नागपूरला मुलीकडे राहायला जाणार होते. त्यांच्याकडे हेच सॉफ्टवेअर होतं, आणि अस्सल होतं. खोका होता, सीडी होती, बिल होतं. आणि मुख्य म्हणजे लॉक होतं.

लॉक म्हणजे अंगठ्याएवढी एक काळी वस्तू. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला खोचायची. ती असेल तरच सॉफ्टवेअर उघडतं, नसेल तर नाही. धंद्यातले सगळे तिला लॉकच म्हणतात. कुणी काढून नेऊ नये म्हणून काकांनी ती एका काळ्या दोऱ्याने सीपीयूच्या मागच्या जाळीला बांधून ठेवली होती.

काका म्हणाले, “घेऊन जा, बाई. मशीन बी ने. तिले त्याची सवय हाय.”

मला लगेच हो म्हणवलं नाही. मी आधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. काय बोलायचं ते वहीत लिहून घेतलं होतं. पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं, की जुनं सॉफ्टवेअर विकता येतं, पण परवाना आपोआप बदलत नाही. मूळ मालकाचं पत्र लागेल, मूळ बिलाची प्रत लागेल, दोघांच्या सह्यांचा अर्ज लागेल. मालकाने स्वतःकडे एकही प्रत ठेवायची नाही. आणि सगळं झाल्यावर लॉक माझ्या घरच्या कॉम्प्युटरला लावून स्क्रीनवर येणारा कोड त्यांना पाठवायचा. तो जुळला की परवाना माझ्या नावावर.

लॅबमधली माझी मैत्रीण हे ऐकून हसली. “पागल झाली का वं तू? मी दोन मिनिटांत टाकून देतो न फुकट. त्याच्यासाठी कायले एवढे कागद करून राहिली?”

बाबांना मात्र हे सगळं एका वाक्यात कळलं. “म्हणजे फेरफार,” ते म्हणाले. “जमीन घेतली का तलाठ्याकडं फेरफार करा लागते. नाही त कसता आपण अन् सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. बरोबर हाय. कागद केल्याशिवाय घेऊ नको.” मग म्हणाले, “मले यातलं काही कळत नाही. तू पाहून घेजो.”

पाहून घ्यायची जबाबदारी माझी, हे तेव्हाच ठरलं.

धानाची कापणी होऊन पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे ढीग, लागले होते आणि बाबांना एक दिवस मोकळा होता. आम्ही दोघं मोटरसायकलवर आंधळगावला गेलो. सीपीयू बांधायला बाबांनी घरून अंबाडीचा दोर आणि एक जुनी चादर घेतली होती. काकांचं दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग. आत गेलो तेव्हा काकू सामान बांधत होत्या.

काकांनी कॉम्प्युटर सुरू करून सगळं दाखवलं. लॉकवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर मी दोनदा जुळवून पाहिला. बाबांनी ठरलेले पैसे दिले, अर्जावर सह्या झाल्या. कंपनीने सांगितलेलं पत्र काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि इतकी वर्षं टाइप करणाऱ्या माणसाचं अक्षर एवढं सुंदर असेल असं मला वाटलं नव्हतं. मग मी भीत भीत विचारलं, “काका, दुसरीकडं कुठं टाकलेलं नाही न हे?”

ते जरा गप्प झाले. मग कपाटातून एक लॅपटॉप काढला. “याच्यात हाय. लॉक इकडचं तिकडं लावून चालवत होतो. वाटलं राहू द्यावं. कोणाची पत्रिका आली त…”

“लॉक त माझ्याकडं राहील न, काका.”

“हो. ते बी खरं.” त्यांनी लॅपटॉप उघडला आणि काढून टाकायची सूचना शोधली. स्क्रीनवर विचारणा आली, खरोखर काढायचं का? काकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “दाब तूच.”

मी दाबलं. हिरवी पट्टी हळूहळू भरत गेली आणि आम्ही दोघं ती संपेपर्यंत पाहत बसलो.

मग बिलाची झेरॉक्स काढायला आणि सगळे कागद कंपनीला मेल करायला मी आणि काका चौकातल्या दुकानात गेलो. परत आलो तेव्हा बाबांनी सीपीयू चादरीत गुंडाळून मोटरसायकलला घट्ट बांधला होता. काकू दारात उभ्या होत्या आणि दोघांचं चांगलं जुळलेलं दिसत होतं. बाबा काकूंना म्हणत होते, “काही काळजी करू नका, वयनी. चांगल्या घरी जाऊन राहिली.” मला वाटलं, ते माझ्याबद्दल बोलत आहेत आणि माझ्या लग्नाचा विषय निघाला आहे. मी घाईने मागे बसले.

घरी येऊन संध्याकाळी मी कॉम्प्युटर जोडला. आईने त्याच्यासमोर उदबत्ती लावली. सॉफ्टवेअरवर क्लिक केलं, तर एक चौकट आली. लॉक सापडलं नाही. सैल झालं असेल म्हणून मी मागे हात घातला. लॉक नव्हतं. दोराही नव्हता.

चादर झटकली. अंगण पाहिलं. सकाळी सायकल घेऊन पाणंदीपर्यंत गेले आणि चालत, खाली पाहत परत आले. आईने विचारलं, “काय हरवलं?” मी म्हटलं, “लॉक.” तिने कपाटाच्या मागे पाहिलं, म्हणाली, “पेटीचं का?” मी नाही म्हटलं आणि आत गेले.

कॉलेजात मैत्रीण म्हणाली, “म्हातारा हुशार निघाला. लॉक ठेवून घेतलं अन् डबा देला तुले.”

मला ते खरं वाटू नये असं फार वाटत होतं. पण लॅपटॉप काढताना काका जे गप्प झाले होते, ते आठवत राहिलं. दुपारी पोर्चमध्ये उभी राहून मी त्यांना फोन केला. ‘लॉक तुमच्याकडे राहिलं का’ हे विचारायच्या आधी मी तब्येतीची, सामानाची, नागपूरच्या घराची अशी तीन वेळा चौकशी केली.

“लॉक? मी त लावून देलं होतं,” काका म्हणाले. “तुह्या समोरच त नंबर पाहला.” त्यांचा आवाज थोडा बदलला होता. मग त्यांनी आत हाक मारलेली मला ऐकू आली. “काहो, लॉक पाहलं का?”

काकूंचा आवाज लांबून आला. “कुलूप? दाराले लागलं हाय न.”

“दाराचं नाही. कॉम्प्युटरचं!”

“कॉम्प्युटर त गेला. आता त्याले कुलूप कायले?”

“इथं नाही, बाई,” काका फोनमध्ये म्हणाले. “तुह्याकडंच पाय बरं नीट.”

त्या ‘नीट’मध्ये काय होतं ते मला कळलं. मला जसं त्यांच्याबद्दल वाटत होतं, तसंच त्यांना माझ्याबद्दल वाटत होतं.

कंपनीचा मेल त्याच दिवशी आला. अर्ज मिळाला, कागद बरोबर आहेत, आठ दिवसांत लॉक लावून कोड पाठवा, नाहीतर अर्ज रद्द होईल. मी फोन लावला. त्याच ताई होत्या. “लॉक हरवलं असेल तर परवानाच हरवला असं समजा,” त्या म्हणाल्या. “दुसरं मिळत नाही हो. सापडेल, शांतपणे बघा.” त्या चांगल्याच होत्या, पण मला रडू आलं.

काका रविवारी नागपूरला जाणार होते. ते गेले, की घर बंद. मी तीन दिवस बाबांना काही सांगितलं नाही. ‘तू पाहून घेजो’ असं ते म्हणाले होते, आणि मी नंबर दोनदा पाहूनही वस्तू गमावून बसले होते. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीने घरी सहज सांगितलं असतं. मला वाटत होतं, की मी शिकत असल्यामुळे या घरात काही गोष्टी माझ्याकडून चुकायलाच नकोत. आता लिहिताना हे जरा वेडेपणाचं वाटतं, पण तेव्हा वाटत होतं.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, मी बाबांचा डबा घेऊन खळ्यावर गेले. धान चुरून झालं होतं आणि बाबा तणस, म्हणजे मळणीनंतर उरलेला पेंढा, एका बाजूला सारत होते. ते जेवायला बसल्यावर मी म्हटलं, “बाबा, सॉफ्टवेअर नावावर होत नाही आता.”

“काहून?”

“लॉक हरवलं.”

“मग? कुलूपच त हाय. तुमसरातून दुसरं आणू.”

“कुलूप नाही, बाबा. लॉक म्हणजे एवढंसं, अंगठ्याएवढं काळं. डब्याच्या मागं खोचलं होतं. काळ्या दोऱ्याने बांधलं होतं.”

बाबांच्या हातातला घास तसाच राहिला.

“ते दावं?”

मला काही कळेना.

“काळ्या दोऱ्याचं न? अन् त्याले गळ्यातल्या लोढण्यावानी काही लटकून होतं?” ते म्हणाले. “ते त मी सोडून वयनीच्या हातात देलं.”

“कायले, बाबा?”

“कायले म्हणजे?” त्यांना माझाच प्रश्न विचित्र वाटला. “जनावर घेतलं का दावं मालकाचं मालकाले द्या लागते. दावं कोणी आणते का? आपलं दावं घेऊन गेलो होतो न मी.”

आमच्याकडे बैल, गाय, काहीही विकलं, तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, विकत नाहीत. दावं गेलं तर त्याच्याबरोबर गोठ्यातली लक्ष्मी जाते. घेणाऱ्याने आपलं दावं घरून न्यायचं आणि जुनं सोडून मालकाच्या हातात द्यायचं. हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. सांगडीच्या बाजारातून आमची गाय आणली, तेव्हा त्या माणसाचं दावं परत करताना बाबांनी ते कपाळाला लावलं होतं. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत ते माझ्या मनात यायचं काही कारणच नव्हतं. आणि बाबांच्या मनात न यायचं काही कारण नव्हतं.

मी तणसावर बसून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी डबा झाकला.

“तुह्या कामाचं नुकसान केलं का मी?”

“नाही बाबा. सापडलं न आता.”

“मले वाटलं, वस्तू मोठी हाय, रीत सोडू नये.” ते उठले आणि हात धुतले. “चाल. आताच जाऊ.”

जेवण अर्धवट टाकून आम्ही निघालो. आंधळगावात पोहोचलो तेव्हा काकांच्या घरातलं निम्मं सामान टेम्पोत जायला दारात आलं होतं. काका मला पाहून उभे राहिले, पण ‘ये’ म्हणाले नाहीत. बाबा सरळ काकूंकडे गेले.

“वयनी, ते दावं कुठं ठेवलं जी?”

“देवाजवळ,” काकू म्हणाल्या. “काहून?”

देवघराच्या बाजूच्या खिळ्याला काळा दोरा टांगलेला होता, आणि त्याच्या टोकाला आमचं लॉक. त्यावर हळदकुंकवाचं बोट लावलेलं. काका पाहत राहिले. मग त्यांनी कपाळाला हात लावला. “अवो, हेच त लॉक! चार दिवसांपासून इचारून राहिलो!”

“तुम्ही कुलूप म्हणून राहिले,” काकू म्हणाल्या. “दावं म्हटलं असतं त सांगितलं असतं.”

“कॉम्प्युटरले दावं असते का?”

“नसते त बांधलं कायले होतं दोऱ्यानं?”

बाबा हळूच म्हणाले, “चूक माही हाय जी. वयनीले काही बोलू नका.”

काकूंनी खिळ्यावरून दोरा काढला, पण लगेच दिला नाही. त्यांनी तो ओंजळीत धरून ठेवला. “या मशीननं पोरीचं शिक्षण केलं, भाऊ. लग्न केलं. इतकी वर्षं तिच्यावर चाललं. आता काही तरी आपल्या हाती राहावं म्हणून ठेवलं होतं.” मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “हे नेलं नाही त तुहं काम होत नाही का?”

मला नाही म्हणवेना आणि हो म्हणायचा धीर होईना. शेवटी म्हणाले, “काकू, माझं काम नुसत्या लॉकवर होते. दोरा नाही लागत.”

काकूंनी लॉकच्या भोकातली दोऱ्याची गाठ सोडायला घेतली. ती इतक्या वर्षांत पक्की झाली होती; सुटेना. काकांनी कात्री पुढे केली, तर त्या म्हणाल्या, “दावं कापत नसतात.” दातांनी ओढून त्यांनी गाठ सैल केली, लॉक माझ्या तळहातावर ठेवलं आणि दोरा पुन्हा खिळ्याला टांगला.

काकांनी लॉक उजेडात धरून पाहिलं. “नशीब, कुंकू टोकाले नाही लावलं. पाठीवर हाय.” त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “मी मनात तुह्यावर घेतलं होतं, बाई. पोरीनं हरवलं अन् आता माह्या अंगावर टाकून राहिली, असं.”

“मीपण तुमच्यावर घेतलं होतं, काका.”

“म्हणजे झाली फिट्टमफाट,” ते म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला. भांडी बांधून झाली होती, म्हणून शेजारच्या घरून कप आले.

घरी येऊन मी लॉक लावलं. सॉफ्टवेअर उघडलं. स्क्रीनवरचा कोड मी वहीत लिहिला, आईकडून वाचून घेऊन तपासला आणि मग पाठवला. आई अंकांपुरती वाचते, पण एकेक अंक इतक्या जोरात वाचत होती, की शेजारच्यांना वाटलं, कुणाला तरी मोबाइल नंबर सांगणं चाललं आहे.

सोमवारी मेल आला. परवानाधारक, आणि पुढे माझं पूर्ण नाव, मध्ये बाबांचं. जुन्या मालकाचा परवाना बंद केल्याचंही त्यात लिहिलं होतं. काका नागपूरला पोहोचले होते. त्यांनाही तोच मेल गेला होता. त्यांचा फोन आला. “माह्यं नाव उडालं, तुह्यं लागलं,” ते म्हणाले. “आता अक्षर फुटलं का कंपनीले फोन करजो, मले नाही.” पण आवाज समाधानी होता. मी काकूंबद्दल विचारलं. त्यांनी तो दोरा खिळ्यासकट नागपूरला नेला होता. मुलीच्या भाड्याच्या घराच्या भिंतीत खिळा ठोकू द्यायला घरमालक तयार नव्हता, म्हणून सध्या तो तांदळाच्या डब्यात ठेवला आहे, असं काका म्हणाले.

बाबा शेतातून आले तेव्हा त्यांनी पायही धुतले नव्हते. “फेरफार झाला?”

“झाला.”

“वाचून दाखव.”

मी वाचून दाखवलं. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. मग खुंटीवरची अंबाडी काढून ओसरीवर बसले आणि मांडीवर पीळ देत बारीक दोर वळायला लागले. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, “दावं आपलं लागते न.”

तो दोर अजून आहे. लॉकच्या भोकात तो मावत नव्हता, म्हणून बाबांनी त्याचं एक टोक उलगडून दोन धागे आत घातले आणि वासराला बांधतात तशी गाठ मारली. सीपीयू सरकवला, की अंबाडीची कूस, बारीक बारीक तंतू, खाली पडते आणि आई रोज ती झाडते. या वर्षीच्या वार्षिक अंकाचं पहिलं पान मी त्यावरच लावलं. सरांनी प्रूफ वाचताना ‘प्रार्थना’पाशी पेन थांबवलं, बारकाईने पाहिलं आणि काहीच खूण न करता पुढे गेले.